हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिकच का?

कृष्णाकाठ (सांगली): थंडी पडली की मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी: "पोराचा शेंबूड हिरवा झालाय, अझिथ्रो (अझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक) द्या." रंगावरून काही ठरत नाही. विषाणूच्या साध्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी शेंबूड घट्ट, हिरवा-पिवळा होतो. सायनसला जिवाणू लागलेत असं धरायचं ते १० दिवस उलटूनही नाक-खोकला तसाच असेल, बरं होता होता पुन्हा उलटलं असेल, किंवा १०२ च्या वर ताप आणि पुवाळलेला शेंबूड सलग ३ दिवस असेल तरच. तोवर नाकात घालायला मिठाचं पाणी: उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, रोज ताजं.

फडावरचा: १० दिवस थांबा म्हणणं सोपं आहे हो. ऊसतोडीची टोळी तोवर दुसऱ्या गावाला गेलेली असते. ते पोर डॉक्टरला एकदाच दिसतं. आणि डोळा सुजला तर?

कृष्णाकाठ: डोळ्याभोवती सूज, उलट्या, मान आखडणं किंवा ग्लानी असेल तर वाट बघायचीच नाही, त्याच रात्री मिरजेचं हॉस्पिटल गाठायचं. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं. पण त्या भीतीपोटी प्रत्येक सर्दीला औषध? आणि तेही अझिथ्रो, ज्याला न्यूमोकोकस (सायनसला लागणारा एक जिवाणू) आता सर्रास दाद देत नाही. पहिली पसंती अमॉक्सिसिलिन, गरजेप्रमाणे क्लॅव्ह्युलॅनेट या जोड-औषधासह.

मेडिकलवाली (कराड): भांडण औषध द्यावं की नाही याचं, पण घोळ बाटलीत होतो. १२ किलोच्या मुलाला अमॉक्सिसिलिन किलोमागे रोज ४५ मिग्रॅ धरलं तर ५४० मिग्रॅ, दोन वेळांत विभागून म्हणजे एका वेळी २७०. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेल्या सिरपचं ५ मिली दिलं तर निम्माही डोस जात नाही. सिरपच्या पावडरमध्ये एकदम बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी ओतलं की फेसामुळे खूण चुकते. आधी निम्मं पाणी, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत. मोजायला सिरिंज, घरचा चमचा नको. सर्दीच्या सिरपातलं क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिन ४ वर्षांखाली देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश २०२३ चाच आहे.

पाटणकर: एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर सायनस नंतर, आधी हरभरा किंवा मणी अडकलाय का बघा. आणि उकळत्या भांड्यावर पोराला वाफ देऊ नका, भाजतात.

फडावरचा: मग चिठ्ठी लिहून द्या: "१० दिवसांत उतार नाही तर सुरू करा."

मेडिकलवाली (कराड): त्या बाटलीचं सील त्याच संध्याकाळी फुटतं, दादा.

फडावरचा: फुटू दे. पोर बिनऔषधाचं राहण्यापेक्षा परवडलं.