अनुभव धागा : कोल्हापूर ते तेल, वायू आणि वीज – आयटीतली सुरुवातीची वर्षं

निकाल लागले की केआयटी, डी. वाय. ही कॉलेजं आणि विद्यापीठातल्या मुलामुलींचे तेच प्रश्न येतात. तेल कंपनीत कॉम्प्युटरवाल्याचं काय काम? गल्फला मेकॅनिकलवालेच घेतात ना? आपल्या जिल्ह्यातली बरीच मंडळी आज रिफायनऱ्या, समुद्रातले प्लॅटफॉर्म, वीजबाजार अशा ठिकाणी सॉफ्टवेअर आणि डेटा सांभाळतायत. त्यांना मनापासून विनंती : सुरुवातीच्या वर्षांत रोज काय केलं, काय नव्यानं शिकावं लागलं, ते लिहा. पगाराचे आकडे नकोत. कंपनीचं नावही नको. आपल्या नावाऐवजी गल्ली-गाव आणि सध्याचं ठिकाण टाका. लहानमोठं कसंही चालेल. पहिला अनुभव माझाच टाकतो.

गंगावेस, सध्या अबू धाबी

माझा आधी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झाला, मग कॉम्प्युटरची पदवी. मधल्या काळात एका साखर कारखान्याच्या को-जनरेशनला, म्हणजे वाफेबरोबर वीजही बनवणाऱ्या विभागाला, कंट्रोल रूममध्ये होतो. बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारा बॉयलर, त्याच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी, वाफेचा दाब, रात्रपाळी. तेव्हा वाटायचं, मित्र पुण्यात जावा शिकतायत आणि आपण इथं हंगाम मोजतोय. पण गल्फच्या मुलाखतीत जावाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते हे : ड्रमची पातळी एकाएकी घसरलेली दिसली, तर ती खरी का खोटी हे डेटावरून कसं ओळखशील? ते मला येत होतं.

पहिली काही वर्षं रिफायनरीच्या हिस्टोरियनवर गेली. प्लँटमधल्या प्रत्येक सेन्सरचं वाचन वेळेसकट साठवणारी ही प्रणाली. तिथं प्रत्येक मोजमापाला टॅग म्हणतात, आणि मोठ्या रिफायनरीत ते लाखाच्या घरात असतात. प्रोसेस इंजिनिअरचा फोन यायचा, "ट्रेंड सरळ रेषेत चाललाय." आता सेन्सरचं वाचन पाठवणारा ट्रान्समीटर अडकला असेल, ते हिस्टोरियनपर्यंत आणणारा इंटरफेस बंद पडला असेल, किंवा किरकोळ बदल गाळून टाकणारं कॉम्प्रेशन जास्त कडक लावलं असेल. तिन्ही वेळा पडद्यावर चित्र एकच. कुठलं खरं, हे ठरवायला ते मोजमाप ज्या पाइपवरचं आहे तो प्लँटमध्ये काय काम करतो ते माहीत असावं लागतं. म्हणून म्हणतो, हंगामात कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये बसायची संधी मिळाली तर सोडू नका.

कसबा बावडा, शेवटचं वर्ष

दादा, आम्हाला कॉलेजात प्लँटचं ड्रॉइंग वाचायला कुणी शिकवत नाही. सुरुवात कुठून करू?

गंगावेस, सध्या अबू धाबी

पी अँड आयडीपासून, म्हणजे प्लँटमधले पाइप आणि उपकरणं दाखवणाऱ्या ड्रॉइंगपासून कर. टॅगमधलं पहिलं अक्षर काय मोजतोय ते सांगतं : एफ म्हणजे प्रवाह, पी दाब, टी तापमान, एल पातळी. पुढची अक्षरं त्याचं काय करतोय ते : आय दाखवतो, सी नियंत्रण करतो, टी पुढं आला तर ट्रान्समीटर. मग एफआयसी-१०१ दिसलं की कळतं, इथं प्रवाह दाखवून नियंत्रितही केला जातोय. केमिकलच्या एखाद्या मैत्रिणीला गाठ, एका संध्याकाळचं काम आहे.

ताराबाई पार्क, सध्या अबर्डीन (स्कॉटलंड)

माझं काम वर्क परमिटच्या, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीच्या, सॉफ्टवेअरचं. प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग असो वा व्हॉल्व्ह उघडणं, परमिटशिवाय हात लावता येत नाही. आल्या आल्या आमच्या बाईंनी कोड दाखवलाच नाही, पायपर अल्फाचा चौकशी अहवाल वाचायला दिला. ६ जुलै १९८८ ला नॉर्थ सीमधल्या त्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोचली नाही आणि तोच पंप सुरू केला गेला. आमच्या स्क्रीनवर 'आयसोलेशन' नावाचा एक रकाना आहे, दुरुस्तीतलं यंत्र बंद करून वेगळं ठेवलंय का ते त्यात भरायचं. तो सक्तीचा का, हे मला त्यानंतर कुणाला विचारावं लागलं नाही.

समुद्रावर जायचं तर आयटीवाल्यालाही जीवरक्षणाचं प्रशिक्षण चुकत नाही. हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि आतून पट्टा सोडवून बाहेर यायचं असतं. पंचगंगेत पोहायला शिकल्याचा इतका उपयोग होईल असं घरी कुणाला वाटलं नसेल. ज्यांना पाण्याची भीती आहे त्यांनी निघण्याआधीच पोहणं शिकून घ्या.

साईक्स एक्स्टेन्शन, सध्या लंडन

मी तेलाच्या खरेदी-विक्रीच्या प्रणालीवर आहे. जहाज एकच, पण करारात बॅरल, बिलात टन. बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. त्याचे टन किती, हे त्या तेलाच्या घनतेवर. सॉफ्टवेअरची चाचणी लिहिताना हे कळत नसेल तर आपण नुसते आकडे जुळवत बसतो.

२० एप्रिल २०२० मी विसरणार नाही. अमेरिकी डब्ल्यूटीआय जातीच्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा (पुढं माल घ्यायचा करार) उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. कोविडमुळे मागणी आटलेली, हा माल जिथं उचलायचा त्या अमेरिकेतल्या कुशिंगच्या टाक्यांत जागा मिळेना आणि वायदा दुसऱ्या दिवशी संपणार. माल उचलायला लागू नये म्हणून लोक पदरचे पैसे देत होते. ऑप्शनची (ठरल्या भावानं घेण्या-विकण्याच्या हक्काची) किंमत काढायची नेहमीची सूत्रं भाव शून्याखाली जाणारच नाही असं धरून चालतात, तिथं लॉगॅरिदम घ्यायला ऋण संख्या चालत नाही. त्या रात्री टीममधल्या ज्यांना गणित येत होतं त्यांच्याभोवती सगळे जमले. इंजिनिअरिंगचं गणित पास होण्यापुरतं करू नका, एवढं कळकळीनं सांगते.

इचलकरंजी, पुण्यात बसून युरोपसाठी

परदेशी न जाताही हे काम आहे. मी युरोपातल्या वीजबाजाराच्या डेटावर आहे. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक १५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये असतं, हे मला सूतगिरणीच्या विजेच्या गप्पांतून ऐकून माहीत होतं. युरोपचा दुसऱ्या दिवसाच्या विजेचा लिलाव बहुतेक ठिकाणी तासातासाचा होता. ऑक्टोबर २०२५ पासून तिथंही १५ मिनिटं आली.

नवीन मुलांना अडवतो तो घड्याळाचा बदल. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथला दिवस २३ तासांचा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी २५ तासांचा. म्हणजे ९२ ओळी किंवा १००. भारतात घड्याळ कधी पुढंमागं होत नाही, त्यामुळे आपल्या डोक्यात हे येतच नाही. वेळ नेहमी यूटीसीत (जगाच्या प्रमाण वेळेत) साठवा आणि दाखवताना स्थानिक करा.

उद्यमनगर, सध्या स्टावँगर (नॉर्वे)

भूगर्भाच्या डेटावर आहे. जमिनीत कृत्रिम लहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणाच्या फाइलींचा एसईजी-वाय हा साचा १९७५ चा, आणि अजून चालू आहे. फाइलच्या सुरुवातीला ३,२०० बाइटचा मजकूर, ४० ओळी, प्रत्येकी ८० अक्षरं, बऱ्याचदा ईबीसीडीआयसी या जुन्या अक्षर-संकेतात. पंचांग उघडल्यावर आधी वरचा मजकूर वाचावा तसं इथं आधी हा मजकूर, म्हणजे हेडर, वाचायचं, कारण अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीत आहेत ते तिथंच लिहिलेलं असतं. नॉर्थ सीमध्ये जुनी ईडी-५० आणि आजची डब्ल्यूजीएस-८४ या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतींत एकाच आकड्यांची जागा शंभराहून जास्त मीटरनं सरकते. तेलविहीर खोदायची असेल तर हा फरक केवढा, विचार करा.

सरावाला डेटा कुठून, असं पोरं विचारतात. इक्विनॉर या नॉर्वेच्या तेल कंपनीनं व्होल्व्ह या बंद झालेल्या तेलक्षेत्राचा जवळजवळ सगळा डेटा २०१८ मध्ये खुला केला, सुमारे ४०,००० फाइली. विहिरींचे लॉग (खोलीनुसार मोजमापांच्या नोंदी) आहेत, रोजचं उत्पादन आहे. उत्पादनाचा तक्ता घ्या आणि पायथनमध्ये विहिरीगणिक आलेख काढा, पाण्याचं प्रमाण कधी वाढलं ते शोधा. मुलाखतीत 'प्रोजेक्ट' म्हणून हे दाखवलेलं मला फार आवडतं.

लाइन बझार, सध्या दम्माम

माझं काम सायबर सुरक्षेचं. ऑगस्ट २०१२ मध्ये शमून व्हायरसनं सौदी अराम्को या तेल कंपनीचे सुमारे ३०,००० कॉम्प्युटर पुसले, पण तेल उत्पादन थांबलं नाही. ऑफिसचं नेटवर्क आणि प्लँटचं नेटवर्क वेगळं होतं. आमचं सगळं काम या दोन नेटवर्कमधली भिंत राखण्याचं. आयटीत पॅच आला की लगेच टाकतात. प्लँटमध्ये तसं चालत नाही, नियोजित शटडाउनची वाट बघावी लागते. प्लँटच्या नियंत्रण प्रणालींच्या सुरक्षेचं मानक आयईसी ६२४४३ वाचा.

कागदपत्रांचंही सांगतो : यूएई, कतारसाठी पदवीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास असे शिक्के लागतात. वेळ जातो, म्हणून पदवी हातात आली की लगेच सुरू करा. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

उचगाव, परत आलेला

आई-बाबांसाठी मस्कतहून परत आलो आणि डेटाचं तेच काम इथं करतोय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, सगळ्यात जास्त वीज खाते. मीटरमधून मॉडबसनं (यंत्रांतून डेटा वाचायच्या पद्धतीनं) डेटा घ्यायचा, विजेची कमाल मागणी नेमकी कधी चढते ते मालकांना दाखवायचं, दोन भट्ट्या एकदम सुरू होऊ द्यायच्या नाहीत. शिकायला गल्फपर्यंत जायची गरज नाही भावांनो. बावड्याच्या त्या पोराला आणि त्याच्या मित्रांना सांगा, शनिवारी सेफ्टी शूज घालून या, मीटर, त्याचा डेटा नेटवर्कवर आणणारा गेटवे आणि डेटाबेस तिन्ही उघडून दाखवतो. लॅपटॉपवर पायथन टाकून आणा.