न्या. मदन लोकूर यांची बालहक्कविषयक कारकीर्द : अभ्यासाची सुरुवात कोणत्या निकालापासून करावी?

प्रश्न : विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे

नमस्कार. अंतिम वर्षाच्या प्रबंधासाठी मी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर यांचे बालकांविषयीचे काम निवडले आहे. जून २०१२ ते डिसेंबर २०१८ या काळात ते त्या न्यायालयात होते आणि न्यायालयाच्या बाल न्याय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. अल्पवयीन पत्नीशी केलेल्या शरीरसंबंधाला बलात्काराच्या कलमातून जी सूट होती, तिची वयोमर्यादा त्यांनी व न्या. दीपक गुप्ता यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये १५ वरून १८ वर नेली. त्या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तोच प्रबंधाचा गाभा ठेवावा का?

उत्तर : बालकल्याण समितीचे माजी सदस्य

गाभा बदलावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ९ फेब्रुवारी २०१८ चा ‘संपूर्णा बेहुरा’ निकाल आधी वाचा. संपूर्णा बेहुरा यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवरील या निकालात बालहक्क आयोग, बाल न्याय मंडळे (कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांची प्रकरणे पाहणारी) आणि बालकल्याण समित्या (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या) यांमधील रिक्त पदे भरावीत, त्यांच्या बैठका नियमित व्हाव्यात आणि अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घ्यावी, असे सांगितले आहे. वाचताना हे रुक्ष वाटेल, पण रिक्त पद म्हणजे काय हे मी जवळून पाहिले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार समितीच्या अंतिम आदेशाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात, आणि आमच्या समितीत एके काळी दोघेच उरलो होतो. रेल्वे स्थानकावर सापडलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाच्या मामाचा शोध लागला होता, त्यांच्या घराच्या पाहणीचा म्हणजे गृहचौकशीचा अहवालही अनुकूल होता. मामा दर तारखेला भाच्यासाठी चुरमुऱ्याचे लाडू घेऊन बाकावर बसत आणि आम्ही फाईल उघडून पुढची तारीख देत असू. तिसऱ्या सदस्याची नेमणूक होईपर्यंत मुलाचे निम्मे शालेय वर्ष बालगृहात गेले.

उत्तर : वकील, मुंबई

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र मे २०१७ चा तमिळनाडूतील अनाथालयांसंबंधीचा निकाल वगळू नका. संस्थांची नोंदणी, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र संगोपन आराखडा आणि संस्थेबाहेरच्या पर्यायांचा आधी विचार, हे मुद्दे त्यात आहेत. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून पुढे आले, आणि त्या राज्यातील इतर निवारागृहांचा तपास सीबीआयकडे देण्याचा आदेश न्या. लोकूर यांच्या पीठाने २८ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे त्यांच्या निवृत्तीला जेमतेम महिना उरला असताना, दिला. मात्र न्यायालय आदेश देते, नेमणूक सरकारच करते. या कारकिर्दीची मर्यादाही तीच आहे, आणि प्रबंधात ती स्पष्ट लिहावी.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. निकालानंतर आमच्या जिल्ह्यात काय झाले, हे कसे तपासावे?

उत्तर : बालकल्याण समितीचे माजी सदस्य

जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. पद कधी रिकामे झाले व कधी भरले, या दोन्ही तारखा मागा. समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसावे असा कायदा आहे, त्यामुळे महिनावार बैठकींचे दिवसही मागा. मुलांची नावे किंवा प्रकरणे मात्र मागू नका.