मदत हवी आहे: २००डी मार्क टू वर पेठांतल्या फोटोंसाठी एकच लेन्स – २४, ३० की ५० मिमी?

कसब्याची_सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. थोडक्यात माहिती देते.

कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू. लेन्स फक्त सोबत आलेली १८-५५, एफ ४-५.६ (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकार, लहान आकडा म्हणजे जास्त प्रकाश) आयएस (स्थिरीकरण) एसटीएम (फोकसची मोटर). विषय म्हणजे पुण्यातली मंडई, तुळशीबाग, कसबा-शनिवारातल्या गल्ल्या, तिथली माणसं आणि विसर्जन मिरवणूक, दिवसाची आणि रात्रीचीही. लग्नं नाहीत, पक्षी नाहीत. बजेट २० हजार, वापरलेली लेन्स चालेल.

अडचण अशी की दिवे लागले की ५५ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदाच्या वर जात नाही. चेहरे कसेबसे येतात, ढोल वाजवणारे हात पुसले जातात.

मनात तीन आहेत: ईएफ-एस २४ एफ २.८ एसटीएम, सिग्मा ३० एफ १.४ आणि ईएफ ५० एफ १.८ एसटीएम. आवडती कोणती ते सगळेच सांगतात, कशासाठी ते कोणी सांगत नाही. ते हवं आहे.

एफ_आठ

५० एफ १.८ घ्या आणि धागा बंद करा. बजेटच्या निम्म्याच्या आसपास नवी मिळते, वजन १६० ग्रॅम. ५५ वर तुमची किट (सोबत आलेली १८-५५) एफ ५.६ देते, ही १.८ देते. प्रकाश जवळपास दहापट. १/१५ चं शटर थेट १/१२५ च्या पुढे जातं.

मोजपट्टी

@एफ_आठ, गणित बरोबर, पण गल्लीची रुंदी विसरलात. २००डी चा सेन्सर २२.३ x १४.९ मिमीचा. उभ्या फ्रेममध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, म्हणजे दोन मीटरची चौकट धरली तर लागणारं अंतर असं:

२४ वर सुमारे २.१ मीटर
३० वर २.७ मीटर
५० वर ४.५ मीटर
८५ वर ७.६ मीटर

तुळशीबागेत साडेचार मीटर मागे सरकायला गेलात तर पाठ समोरच्या दुकानाच्या बांगड्यांना लागते, आणि मधल्या जागेत चार पिशव्या येतातच. लक्ष्मी रस्त्यावर पदपथावरून समोरचं पथक टिपायचं तर तेच साडेचार मीटर सोयीचं. छाती-चेहरा एवढाच हवा असेल (६० सेंमीची चौकट) तर ५० ला १.३५ मीटर पुरतात, ते मंडईतही जमतं. २४ ने तोच चेहरा घ्यायला ६५ सेंमीवर जावं लागतं. इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, आणि भाजीवाल्या मावशीही "काय हवंय?" म्हणून विचारणारच.

तेव्हा आधी हे ठरवा की फोटोत माणूस किती हवा.

कसब्याची_सावली

दोन्ही हवेत हो. :) निम्मे चेहरे, निम्मे पूर्ण प्रसंग.

जुना_शटर

मग अंदाज सोडा, तुमच्याच फोटोंना विचारा. गेल्या वर्षभरातले ठेवलेले फोटो (डिलीट केलेले नव्हे) एका फोल्डरमध्ये आणा. विंडोजमध्ये डिटेल्स व्ह्यू घ्या, कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करून "मोअर" मधून फोकल लेंथचा (लेन्सचा मिमीचा आकडा) कॉलम चालू करा आणि त्यावर क्रम लावा. लाइटरूम क्लासिक असेल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंथ निवडली की आकडे समोर येतात. १८, १९ ते २८, २९ ते ४४, ४५ ते ५५ असे चार गट मोजा.

दुसरी परीक्षा फुकट आहे. कागदी चिकटपट्टी घेऊन किटची झूम रिंग २४ वर बांधून टाका आणि एक रविवार मंडईत काढा. पुढच्या रविवारी ५० जवळ बांधा. कुठल्या रविवारी पट्टी काढावीशी वाटली, ते लक्षात ठेवा.

मी_निकॉनवाला

धागा कॅननचा आहे हे मान्य, पण हे वाचून कोणी निकॉनची जुनी लेन्स घ्यायला निघालं असेल तर थांबा. डी ३५००, डी ५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. "एएफ-डी" लिहिलेली ५० एफ १.८ त्यावर बसते, फोटो येतो, पण ऑटोफोकस होत नाही. "एएफ-एस" किंवा "एएफ-पी" लिहिलेली बघा. स्वस्त दिसते म्हणून उचललेली एएफ-डी पुन्हा विकायलाच निघते.

काजवा

सिग्मा ३० ची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो. २.७ मीटरवर पूर्ण माणूस, म्हणजे गल्लीत चालते. किट ३० च्या आसपास एफ ४.५-५ देते, ही १.४ देते, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त फायदा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). २४ एफ २.८ चा हिशेब इथेच फसतो. २४ वर किट आधीच एफ ४-४.५ देते, त्यामुळे वेगळी लेन्स विकत घेऊन हाती लागतो एक ते सव्वा स्टॉप. वर किटमध्ये स्थिरीकरण आहे, २४ मध्ये नाही. २४ ची खरी कमाई आकारात आहे: १२५ ग्रॅम, चकतीएवढी, समोरचा बावरत नाही. शिवाय १६ सेंमीपर्यंत जवळ फोकस होते, मोदकाच्या कळ्या मोजता येतील. पण तुमची तक्रार रात्रीची आहे.

सिग्मा घ्यायची तर दोन गोष्टी. "डीसी एचएसएम आर्ट" लिहिलेली, कॅनन ईएफ माउंटची (कॅमेऱ्याला लेन्स जोडणारी खाच) हवी. "डीसी डीएन" लिहिलेली ३० एफ १.४ मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) आहे, तुमच्या कॅमेऱ्यावर बसतच नाही, आणि जाहिरातीत दोघींचं नाव सारखंच दिसतं. दुसरं, व्ह्यूफाइंडरमधून फोकस पुढे-मागे पडण्याचा संभव. २००डी मध्ये फोकस सुधारायची सोय नाही. सिग्माच्या यूएसबी डॉकवर लेन्समध्ये ती दुरुस्ती करता येते, पण डॉकचा खर्च वेगळा. वजन ४३५ ग्रॅम, फिल्टर ६२ मिमी.

मोजपट्टी

@काजवा +१. फोकस पुढे-मागे पडण्याचं एफ १.८ वरही तेवढंच खरं. ५० वर दोन मीटरला एफ १.८ ची धारदार पट्टी सुमारे ११ सेंमी, १.३५ मीटरला जेमतेम ५ सेंमी. डोळ्याऐवजी कान धारदार आला की लोक लेन्सला नावं ठेवतात. २००डी मार्क टू वर उपाय सोपा आहे: लाइव्ह व्ह्यू चालू करा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढा. तिथे फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे पुढे-मागेची भानगड संपते, आणि डोळा शोधायची सोयही तिथेच आहे. बॅटरी मात्र भराभर उतरते. मिरवणुकीला दोन भरलेल्या बॅटऱ्या खिशात हव्यात.

एफ_आठ

बरं, "धागा बंद करा" मागे घेतो. पण स्थिरीकरणावर कोणी भिस्त ठेवू नका. ते आपला हात सावरतं, ढोलवाल्याचा नाही. टिपरू हवेत थांबवायचं तर १/५०० लागतं, थोडं फिकं चालत असेल तर १/२५०. चेहरा स्थिर आणि हात पुसट असा मुद्दाम हवा असेल तर १/६०.

एलईडीच्या रोषणाईखाली वेगळीच गंमत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/२५० वर एक फोटो पिवळट, पुढचा अंधारा, तिसऱ्यात आडवे पट्टे असं होतं. १/१०० किंवा १/५० वर ते बरंच थांबतं. मेनूत अँटी-फ्लिकर चालू ठेवा. मोठ्या एलईडी भिंतींवर यातलं काहीच हमखास लागू पडत नाही, तिथे दहा काढायचे आणि एक ठेवायचा.

कसब्याची_सावली

मोजले. एकूण ६१२ फोटो. १८ वर २३१, १९ ते २८ मध्ये १७४, २९ ते ४४ मध्ये फक्त ६८, ४५ ते ५५ मध्ये १३९. आता?

जुना_शटर

छान, आकडे बोलके आहेत. मधला गट कोरडा, म्हणजे ३० तुमची लेन्स असेलच असं नाही. दोन टोकं भरलेली आहेत. पण १८ चा ढीग फसवा असतो. झूम पूर्ण मागे ओढून ठेवायची सवय असली की सगळं १८ वरच निघतं. ते २३१ फोटो उघडून प्रत्येकावर पाऊण रुंदीची, पाऊण उंचीची कापणी ठेवून बघा (१८ भागिले २४ म्हणजे ०.७५). त्यात फोटो टिकला तर तो २४ चा, मोडला तर खरंच १८ चा. वाड्यांचे दर्शनी भाग बहुतेक मोडतील. तो किटचाच प्रांत, दिवसा एफ ८ वर काढायचे.

४५-५५ वाल्यांत दोन गोष्टी तपासा: शटर किती होतं, आणि नंतर आणखी कापले आहेत का.

कसब्याची_सावली

२३१ पैकी १५० च्या आसपास टिकले. ४५-५५ मधले निम्म्याहून जास्त संध्याकाळचे, शटर १/३० च्या खाली. कापलेले थोडेच.

जुना_शटर

मग माझ्या मते ५०. टंचाई आहे तिथे पैसे घाला. रुंद बाजूचे बरेच फोटो दिवसाचे असणार आणि ते किट नीट काढते. दिवसा गल्लीत २४ ची चपळाई हवी असेल तर किटवरच मिळते: झूम २४ वर, एफ ८, अडीच मीटरवरच्या वस्तूवर फोकस करा आणि लेन्सवरचं बटण एमएफ (हाताने फोकस) वर ढकला. साधारण दीड ते सात मीटरपर्यंत सगळं पुरेसं धारदार येतं, फोकसची वाट बघावी लागत नाही. एसटीएम लेन्सवर अंतराचे आकडे नसतात, म्हणून ही ऑटोफोकस करून गोठवायची युक्ती. रिंगला बोट लागलं किंवा कॅमेरा बंद करून चालू केला की पुन्हा करायची.

काजवा

असहमत, पण आकड्यांपुढे गप्प. फक्त रात्रीच्या गल्लीचं काय? ५० तिथे अडकणार.

मोजपट्टी

त्यासाठी भाड्याने घ्या. मानाचे पाच गणपती दिवसा निघतात, तिथे किट पुरते. रोषणाईची मंडळं रात्री. त्या एका रात्रीसाठी सिग्मा १७-५० एफ २.८ भाड्याने आणली की काम झालं. ५६५ ग्रॅम, फिल्टर ७७ मिमी, शिवाय गर्दीत लेन्स बदलायची वेळ येत नाही. गणपती बसायच्या आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी उरतं ते कोणाला नको असलेलं. ताब्यात घेताना खरचटे आणि काचेचे फोटो काढून ठेवा, म्हणजे अनामत परत घेताना वाद नको.

बुरशी_पकडे

५० वापरलेली घेणार असाल तर दुकानात किंवा घरी, पण उजेडात आणि घाई न करता बघा. छोटा एलईडी टॉर्च लागतो, तपकीर गल्लीत कुठेही मिळेल.

आधी समोरचा यूव्ही फिल्टर काढायला सांगा, बरंच काही त्यामागे लपतं. लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरून पुढून बघा. धूळकण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, तिथून परत फिरा. बुरशी काचेवरचा लेप खाते, साफ केली तरी डाग राहू शकतो. एकसारखा दुधी पडदा दिसला तर तेही नको, दिव्यासमोर कॉन्ट्रास्ट मरतो.

मग कॅमेऱ्यावर लावा. एफ १.८ वर चार फोटो, नंतर एफ ८ आणि एफ १६ वर चार-चार. उघड्या छिद्रावर ठीक आणि छिद्र मिटताना एरर ०१ येत असेल तर आधी संपर्काचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बघा. तरी आला तर बहुधा अपर्चरची केबल गेलेली असते. विकणारा फोटो उघड्या छिद्रावर काढून दाखवेल, म्हणून ही परीक्षा स्वतः करा. शेवटी भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्र, कॅमेरा अगदी समांतर, एफ २.८. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडली आहे.

आणि नाव नीट वाचा. जुनी "५० एफ १.८ टू" सुद्धा ५० म्हणूनच विकतात. तिचा माउंट प्लास्टिकचा, फिल्टर ५२ मिमी, ४५ सेंमीच्या अलीकडे फोकस नाही. एसटीएमचा माउंट धातूचा, फिल्टर ४९ मिमी, ३५ सेंमीपर्यंत फोकस.

कसब्याची_सावली

ठरलं, ५० एसटीएम. फरक फार नसेल तर नवीच, म्हणजे टॉर्चची गरज नाही. विसर्जनाला १७-५० भाड्याने. गुलालाचं काय करायचं तेवढं सांगा.

बुरशी_पकडे

टॉर्च तरी घ्याच, पावसाळ्यानंतर स्वतःचीच लेन्स तपासायला लागेल.

गुलाल: भाड्याच्या लेन्सवर ७७ चा साधा फिल्टर घट्ट. बॉडी आणि लेन्सवर प्लास्टिकची शॉवर कॅप किंवा पिशवी, पुढे फिल्टरपुरतं भोक, रबरबँडने आवळलेलं. ५० फोकस करताना आतली नळी पुढे-मागे होते आणि तिथून पूड आत जाते, त्यामुळे ती त्या रात्री पिशवीतच राहू द्या. घरी आल्यावर आधी कापड नाही, आधी ब्लोअर, कॅमेरा उलटा धरून. मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. घाम किंवा पावसाने ओला झालेला गुलाल घासला की लेपावर चरे पडतात.

ठेवताना हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेल, शेजारी छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा केशरी दाणे हिरवट झाले, की तापवून कोरडे करायचे. लेन्स चामडी पाउचमध्ये ठेवू नका, बुरशीला चामडं फार आवडतं.

एफ_आठ

४९ चा फिल्टर ५० साठी वेगळा घ्यायला विसरू नका. किटचा ५८ चा त्यावर बसणार नाही.