केल्टिक संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी : आजचे बँड की जुनी नाचाची गत?

खर्ज :
केल्टिक संगीत, म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्समधली ब्रिटनी, स्पेनमधलं गालिसिया इथलं लोकसंगीत, ऐकायचंय असं कुणी म्हणालं की बहुतेक जण त्याला 'शांत झोपेसाठी' छापाच्या याद्या पाठवतात. लाटांचा आवाज, मागे सिंथेसायझर, वर बासरी. तीन तास ऐकलं तरी वाजवतंय कोण आणि ते कुठल्या गावचं, याचा पत्ता लागत नाही. माझं ठाम मत आहे की नवख्याने थेट आजच्या बँडकडे जावं, आणि सगळ्यात आधी डब्लिनच्या 'लँकम'कडे.

'द वाइल्ड रोव्हर' आयर्लंडमधल्या पबांत टाळ्या वाजवत, टेबलं बडवत म्हटलं जातं. दारूपायी सगळा पैसा घालवलेल्या माणसाचं गाणं आहे ते, पण त्या गलक्यात ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. लँकमने २०१९ च्या 'द लिव्हलाँग डे' या अल्बमची सुरुवात याच गाण्याने केली आणि ते दहा मिनिटांपर्यंत नेलं. खाली न तुटणारा घुमारा (तानपुऱ्यासारखा एकच धरलेला सूर), त्यावर बँडची गायिका रेडी पीटचा खरखरीत, जराही न नटवलेला आवाज. वाद्यं एकेक करून वाढत जातात आणि शेवटी तो घुमारा अंगावर येतो. तेच शब्द पहिल्यांदा ऐकू येतात. या बाई कॉन्सर्टिनाबरोबर (दोन्ही हातांत धरून दाबायची छोटी भात्याची पेटी) हार्मोनियमही वाजवतात. आणि आपली सूरपेटी तर आज कितीतरी आयरिश गायक-गायिका गाताना वापरतात, त्यामुळे मराठी कानाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

दुसरं नाव 'द ग्लोमिंग' या बँडचं. २०१४ च्या पहिल्याच अल्बममध्ये 'ओपनिंग सेट' नावाची सोळा मिनिटांच्या वरची रचना आहे. इअर्ला ओ लिओनार्डच्या गेलिक (आयरिश) भाषेतल्या गाण्याने सुरुवात, मग मार्टिन हेजचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, हळूच शिरतं आणि लय इंचाइंचाने चढते. विलंबितातून द्रुतात जाणारी मैफल ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

लिफीकाठी :
असहमत. मी डब्लिनमध्ये राहते, हे दोन्ही बँड मला आवडतात, पण सुरुवात म्हणून नकोत. हे संगीत मुळात पायांसाठी आहे. आठ आवर्तनांचा मुखडा दोनदा, आठांचा अंतरा दोनदा, अशी सगळी मिळून बत्तीस आवर्तनं. ती दोन-तीनदा वाजवायची आणि न थांबता पुढची रील (नाचाची जलद गत) जोडायची. सेशनमध्ये, म्हणजे पबात वादक जमून एकत्र वाजवतात तिथे, एखादी वादक नुसती भुवई उंचावते, स्वर बदलतो आणि पंधरा जण एका क्षणात नव्या सुरावटीवर उडी मारतात. त्या जोडाच्या जागी अख्खी खोली 'हप्' म्हणून ओरडते. ती जागा ज्याने अनुभवली नाही, त्याला लँकमने काय संथ केलं आणि कशासाठी केलं, हे कळणार कसं?

मार्टिन हेजचंच घ्या. क्लेअर परगण्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या टुला केली बँडमध्ये (केली म्हणजे नाचाचा मेळावा) तो वडिलांबरोबर वाजवत वाढला. नाचणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं वाजवलं म्हणून त्याच्या संथ वाजवण्यातही ताल सुटत नाही. नवख्याने डनिगॉलचा 'आल्टन' हा बँड ऐकावा, 'लूनासा' ऐकावा. बँडमध्ये चार वाद्यं असली तरी गत स्वच्छ ऐकू येते.

आणि सेशनची जागा हीच खरी संस्था आहे. २०२१ मध्ये डब्लिनमधल्या स्मिथफील्डच्या 'कॉबलस्टोन' या सेशनसाठी प्रसिद्ध पबभोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा वादक आणि ऐकणारे वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. अल्बम वाचवायला लोक असे रस्त्यावर येत नाहीत.

पाचवी_वेस :
लिफीकाठी, तुमच्या 'स्वच्छ गत'मध्ये बूझूकी असते ना? ते ग्रीक तंतुवाद्य. १९६० च्या दशकात जॉनी मॉयनिहानने आयरिश संगीतात आणलं, 'प्लँक्स्टी' बँडच्या अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनीने रुजवलं. आज त्याच्याशिवाय बँड ओळखू येत नाही. मग लँकमचा घुमारा तेवढा उपरा का? इलिन पाइप्समध्ये (आयरिश बॅगपाइप) तो पहिल्यापासून आहेच.

लिफीकाठी :
उपरा म्हणालेच नाही. क्रमाबद्दल बोलतेय. बूझूकी आली ती गतीला आधार द्यायला. घुमारा पुढे आला की गत मागे जाते, एवढंच माझं म्हणणं.

रानवारा :
तुम्ही कुणीच आयर्लंडच्या बाहेर पडायला तयार नाही, याचं वाईट वाटतं. ब्रिटनीचं काय? तिथल्या 'कान हा डिस्कान' गायकीत दोनच गळे, वाद्य नाही. पहिला ओळ म्हणतो, दुसरा शेवटच्या एक-दोन अक्षरांवर त्याला गाठतो आणि ती ओळ पुन्हा म्हणतो, शेवटी पहिला परत सामील होतो. मध्ये श्वासाएवढीही फट पडत नाही, म्हणून हातात हात घालून नाचणाऱ्यांची रांग थांबत नाही. या नाचरात्री, म्हणजे 'फेस्ट-नोझ', २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेल्या. ब्रेटन गायक क्रिस्मेनने हीच गायकी आलेमच्या बीटबॉक्सिंगबरोबर (तोंडाने काढलेला ठेका) केली आहे आणि ती जराही चिकटवल्यासारखी वाटत नाही. नाच हवा असेल तर याहून थेट काय आहे?

आणि 'केल्टिक' या छत्रीला नावं ठेवण्याआधी ब्रिटनीतल्या लोरियाँचा महोत्सव आठवा. १९७१ पासून दर ऑगस्टमध्ये ब्रेटन, वेल्श, स्कॉटिश, गालिसियन वादक एका गावात येतात. त्या छत्रीमुळेच मला कार्लोस नुन्येझची गाइता, म्हणजे गालिसियन बॅगपाइप, सापडली. झोपेच्या यादीतून आलेला माणूसही पुढे इथवर पोहोचतो.

खर्ज :
छत्रीला विरोध नाही, निनावीपणाला आहे. क्रिस्मेन-आलेम जोडीचं उदाहरण तर माझ्याच बाजूने जातं. आजचा कलाकार जुन्याकडे बोट धरून नेतो. स्कॉटिश संगीतकार मार्टिन बेनेटचा 'ग्रिट' (२००३) हा अल्बम पाहा. आजारपणामुळे त्याच्याने वाद्य वाजवणं होईना, तेव्हा त्याने स्कॉटलंडच्या भटक्या समाजातल्या लिझी हिगिन्स, शीला स्टुअर्ट यांचे जुने ध्वनिमुद्रित आवाज घेतले आणि नव्या ठेक्यांवर उभे केले. २००५ मध्ये तो गेला, वय अवघं ३३. पण 'ग्रिट' ऐकून कितीतरी जण मूळ आवाज शोधत 'टोबार अन डूआलखाइश' या स्कॉटलंडच्या ऑनलाइन ध्वनिसंग्रहापर्यंत गेले. तिथे हजारो ध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात, चुलीशेजारी बसून गायलेली गाणीसुद्धा. नवख्याला सरळ तिकडे पाठवलं तर तो दोन मिनिटांत बाहेर पडेल.

लिफीकाठी :
'ग्रिट'बद्दल शंभर टक्के सहमत, कारण तिथे ठेका आहे! तुमच्या यादीत तो लँकमच्या वर हवा होता. आजचेच बँड हवेत तर ग्लासगोचा 'टॅलिस्क' लावा. मोहसेन अमिनीची कॉन्सर्टिना इतक्या वेगाने फिरते की डोळे मिटून ऐकलं तर दोन वादक वाटतात, आणि पायाने ठेका तोच देत असतो. माझ्या धाकट्या भावाला पुण्यात लँकम पाठवलं होतं, त्याने अर्ध्यात बंद केलं. टॅलिस्क पाठवल्यावर रात्री अकराला फोन करून विचारत होता, या माणसाचं अजून काय काय आहे.