१०० एमबीपीएसचे फायबर असूनही माजघरातल्या टीव्हीवर रात्री चित्र धूसर होते. प्लॅन वाढवावा का?

आंबराई_देवगड:

नमस्कार. आमचे घर देवगडपासून थोड्या अंतरावर, आंब्याच्या बागेत आहे. घर जुने, जांभ्या चिऱ्याचे आणि कौलारू आहे. मधल्या भिंती फूट-सव्वा फूट जाडीच्या आहेत. फायबरची तार पुढल्या पडवीत उतरते, म्हणून राउटरही तिथेच फळीवर बसवला आहे. टीव्ही मात्र माजघरात आहे, कारण सासूबाईंना गुडघ्यांमुळे पडवीत फार वेळ बसवत नाही आणि संध्याकाळच्या मालिका त्या माजघरातल्या पलंगावर टेकूनच पाहतात. टीव्ही ४३ इंची, फुल एचडी आहे आणि त्याच्या मागे एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावली आहे.

अडचण अशी की, दुपारी चित्र अगदी स्वच्छ असते, पण दिवेलागणीनंतर ते पुसट होऊ लागते. चेहऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, क्रिकेटच्या सामन्यात धावफलकावरचे आकडे वाचता येत नाहीत, मध्येच चक्र फिरत राहते, मग काही मिनिटे चित्र सुधारते आणि पुन्हा बिघडते. राउटरशेजारी उभे राहून मोबाइलवर वेग तपासला, तर रात्रीसुद्धा तो ९० एमबीपीएसच्या वर दिसतो. जोडणी देणाऱ्यांकडचा माणूस येऊन गेला. लाइन व्यवस्थित आहे, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, असे त्याचे म्हणणे पडले. दरमहा जास्त पैसे भरण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून लिहिते आहे. घरात तीन मोबाइल, ही स्टिक आणि दोन वायफाय कॅमेरे जोडलेले आहेत. एक कॅमेरा गडग्याच्या फाटकावर आहे, दुसरा आंबा भरण्याच्या शेडमध्ये. मुंबईचे दीर ते तिथून पाहतात.

रनपार_किनारा:

प्लॅन वाढवण्याची घाई कृपया करू नका. नेटफ्लिक्स फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग पुरेसा मानते. आपला टीव्ही फुल एचडी आहे, म्हणजे गरज ५ ची आहे आणि पडवीत ९० येत आहेत. या ९० मधले ५ जर माजघरापर्यंत पोहोचत नसतील, तर ३०० मधलेही पोहोचणार नाहीत, कारण अडथळा तारेत नसून राउटर आणि स्टिक यांच्या मधल्या हवेत असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही ती शक्यताच आहे, आणि पैसे खर्च करण्याआधी ती मोजून पक्की करून घेतलेली बरी.

चित्र धूसर का होते, हे आधी समजून घेतले तर मोजमापाचा अर्थ लागेल. अशा सेवांवरचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार करून ठेवलेला असतो. मागचे तुकडे किती वेगाने उतरले, हे पाहून स्टिकमधला प्लेअर पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो. वेग घटला की तो खालचा दर्जा मागवतो, म्हणून चित्र थांबत नाही, फक्त पुसट होते. सर्वांत खालच्या दर्जाचा तुकडाही वेळेवर आला नाही, तरच चक्र फिरू लागते. आपल्याकडे चक्रही फिरते आहे, म्हणजे वेग थोडाथोडका घसरत नसून काही क्षण जवळजवळ संपतो आहे.

रात्री नऊच्या सुमारास, चित्र बिघडलेले असतानाच, राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडून फास्ट डॉट कॉमवर वेग पाहा. हे संकेतस्थळ नेटफ्लिक्सचेच आहे, त्यामुळे त्यांच्या सर्व्हरपासून आपल्या राउटरपर्यंतची वाट कशी आहे ते नेमके कळते. त्याच वेळी टीव्हीवर यूट्यूबमध्ये एखादा व्हिडिओ लावून सेटिंगमधून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ सुरू करा. पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची चौकट उघडेल. तिच्यातला कनेक्शन स्पीड कमी असेल आणि बफर हेल्थचे (आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओचे) सेकंद शून्याकडे घसरत असतील, तर दोष नेटवर्कचा. बफर भरपूर असूनही रिझोल्यूशन खालीच अडकले असेल, तर दोष सेटिंगचा किंवा खात्याच्या प्लॅनचा. ड्रॉप्ड फ्रेम्सचा (दाखवता न आल्याने गाळलेल्या चित्रांचा) आकडा सतत वाढत असेल, तर स्टिक तापते आहे किंवा तिची ताकद अपुरी पडते आहे. शेवटी मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे एखादे ॲप घेऊन टीव्हीजवळचा सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीच्या मापात) नोंदवा. आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओसाठी साधारण उणे ६७ पर्यंत निर्धास्त राहावे. उणे ७५ च्या पलीकडे भरवसा उरत नाही.

चिपळूण_तारजोडणी:

मी फायबर जोडणीच्या कामात आहे, म्हणून तारेच्या बाजूने थोडे लिहितो. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने पहिला घास धातूच्या जोडांचा घेतलेला असतो. राउटरच्या मागची लॅनची पिन काढून तिच्या आठ सोनेरी पट्ट्या उजेडात पाहा. त्यांच्यावर हिरवट किंवा काळपट थर दिसला, तर ती पिन कापून नवी बसवून घ्यावी. फायबरच्या पेटीवरचा एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल नसावा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा (तारेतून पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा) आकडा मिळाला तर तोही पाहा. उणे २७ डीबीएम ही सर्वसाधारण शेवटची मर्यादा आहे आणि उणे २५ ओलांडलेली जोडणी पावसाआधी दुरुस्त करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. हिरव्या टोकाची फायबर पिन मात्र स्वतः काढू नका आणि पदराने किंवा रुमालाने तर मुळीच पुसू नका. तिच्या टोकावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो.

अर्थात रात्रीही पडवीत ९० मिळत असतील, तर तार निर्दोष आहे असेच मी म्हणेन. स्टिकला वीज कुठून मिळते तेवढे तपासा. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून पुष्कळदा अर्धाच ॲम्पियर मिळतो, तर अशा स्टिकना बहुधा एक ॲम्पियर लागतो, म्हणून तिच्यासोबत आलेला ॲडॉप्टरच वापरावा. शिवाय स्टिक टीव्हीच्या मागे थेट खोचलेली असेल, तर टीव्हीचा धातूचा पत्रा तिच्या ॲन्टेनासमोर आडवा येतो. वीतभर एचडीएमआय एक्स्टेन्शन लावून ती बाजूला आणली, तर तेवढ्यानेही सिग्नलमध्ये फरक पडतो.

आंबराई_देवगड:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. केबलवर लॅपटॉपला ९४ एमबीपीएस मिळाले, जाताना आणि येताना सारखेच. लॅनची पिन स्वच्छ आहे, लाल दिवा नाही, स्टिक तिच्या स्वतःच्याच ॲडॉप्टरवर आहे. एक्स्टेन्शन लावले. राउटर वायफाय दोन प्रकारच्या लहरींवर सोडतो; त्यांपैकी टीव्हीजवळ ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल उणे ८१ आणि २.४ गिगाहर्ट्‌झचा उणे ६८ दिसतो. दोन्हींचे नाव एकच ठेवलेले असल्यामुळे स्टिक आपोआप २.४ वर जाऊन बसली आहे. यूट्यूबच्या चौकटीत दुपारी १८,००० केबीपीएसच्या (म्हणजे १८ एमबीपीएसच्या) आसपास दिसणारा कनेक्शन स्पीड रात्री नऊ वाजता २,८०० वर आला होता, बफर दोन-तीन सेकंदांचे होते आणि ड्रॉप्ड फ्रेम्स शून्य. म्हणजे दोष माजघराकडे येणाऱ्या वायफायमध्ये आहे, हे आता स्पष्ट झाले. पण भिंत तर दुपारीही तीच असते. मग रात्रीच असे का व्हावे? आजूबाजूला दुसऱ्या कोणाचे वायफायही पकडत नाही.

मालवण_तंत्र:

आपला शेवटचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. भिंत दोषी आहेच, पण ती एकटी नाही.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे आणि फूटभर जाडीचा चिरा ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतो. २.४ च्या लहरी त्यातून त्या मानाने बऱ्या पार होतात. म्हणून स्टिक २.४ वर गेली. घरगुती वायफाय कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात. म्हणजे स्टिक आणि दोन्ही कॅमेरे एकाच चॅनेलवर (लहरींच्या एकाच वाटेवर) आले. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांना थांबावे लागते. शिवाय ज्याचा सिग्नल क्षीण, ते उपकरण हळू बोलते आणि तेवढीच माहिती पाठवायला जवळच्या उपकरणापेक्षा कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरते. ओढ्यावरच्या साकवावरून एका वेळी एकच माणूस जातो. डोक्यावर भारा घेतलेला म्हातारा मध्यावर असेल, तर मागचा धावू शकणारा मुलगाही काठावरच उभा राहतो. आपला फाटकावरचा कॅमेरा तसा आहे.

आता रात्रीचे कारण. अंधार पडला की कॅमेरा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या) दिव्यांवर जातो. त्या चित्रात बारीक दाणे फार असतात आणि दाणेदार चित्र कमी जागेत बसवता येत नाही, त्यामुळे बहुतेक कॅमेऱ्यांत पाठवायची माहिती वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे किडे. रात्री कॅमेऱ्याभोवती पाकोळ्या आणि चिलटे घोंगावू लागतात. ती भिंगाच्या अगदी जवळून जातात, म्हणून पडद्यावर मोठा पांढरा पट्टा सरकल्यासारखे दिसते, आणि कॅमेऱ्याला प्रत्येक वेळी कोणी तरी आल्याचा भास होऊन तो नवी क्लिप क्लाउडवर पाठवत राहतो. बागेतल्या घरात हे रात्रभर चालते. त्यातच दीर मुंबईत कामावरून परतल्यावर कॅमेरा उघडून बसत असतील, तर तो सलग प्रवाह वेगळाच. आपले फायबर दोन्ही दिशांना ९४ देते आहे, त्यामुळे कॅमेऱ्यांच्या तीन-चार एमबीपीएसने तार भरत नाही. भरते ती २.४ ची हवा. हे तपासणे सोपे आहे. आज रात्री दोन्ही कॅमेऱ्यांचे प्लग काढून यूट्यूबची चौकट पाहत राहा, मग एकेक कॅमेरा पुन्हा लावा.

आंबराई_देवगड:

आपण म्हणालात तसेच निघाले. दोन्ही कॅमेरे बंद करताच कनेक्शन स्पीड १५,००० च्या पुढे गेला आणि चित्र मिनिटभरात स्वच्छ झाले. शेडमधला कॅमेरा लावल्यावर थोडाच फरक पडला. फाटकावरचा लावल्याबरोबर वेग पुन्हा ३,००० च्या खाली आला. दीरांना फोन करून त्यांच्या ॲपमधल्या क्लिप पाहायला सांगितल्या, तर फाटकावरच्या बहुतेक सगळ्या क्लिप पाकोळ्यांच्या होत्या. आंब्याच्या हंगामात तो कॅमेरा बंद ठेवणे शक्य नाही. तेव्हा माजघरात रिपीटर लावावा की केबल ओढावी? दुकानदार रिपीटर सुचवतो आहे.

मालवण_तंत्र:

केबल. साधा रिपीटर तोच चॅनेल वापरून ऐकलेले पुन्हा बोलतो, म्हणजे आधीच भरलेली हवा दुप्पट भरतो आणि वेग सुमारे निम्मा होतो. पडवीतून माजघरात लॅन केबल नेऊन तिच्या टोकाला एक छोटा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले नेट वायफायने देणारी पेटी) लावा, त्याच्या ५ गिगाहर्ट्‌झला वेगळे नाव द्या आणि स्टिक फक्त त्यालाच जोडा. स्टिकला लॅन ॲडॉप्टर मिळत असेल तर ॲक्सेस पॉइंटचीही गरज नाही. तो १०० एमबीपीएसचाच असतो, पण आपल्याला ५ हवे आहेत. फाटकावरच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालून नेहमीचे रेकॉर्डिंग त्यावर होऊ द्या, हालचाल ओळखण्याची चौकट फक्त वाटेपुरती आखा, माणूस ओळखण्याची सोय असेल तर क्लाउडवर तेवढ्याच क्लिप जाऊ द्या. त्याचे रिझोल्यूशन एक पायरी खाली आणले तरी फाटकावर कोण आले ते ओळखू येते.

चिपळूण_तारजोडणी:

केबल ओढताना चार गोष्टी सांभाळा. कॅट ६ प्रकारची लॅन केबल घ्या, पण अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, ती आपल्या हवेत जोडापाशी लवकर कुजते. भिंत फोडण्याऐवजी दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा वाशांखालून प्लास्टिकच्या पाइपात न्या, नाही तर माळ्यावरचे उंदीर ती कुरतडतील. चिऱ्यात भोक पाडावेच लागले, तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवा, म्हणजे पावसात पाणी केबलवरून आत येणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ही केबल घराच्या आतूनच न्या, कौलांवरून किंवा खळ्यातून बाहेरून आणू नका. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार कडाडतात आणि बाहेर ताणलेल्या तांब्याच्या तारेत जवळपास पडलेल्या विजेचा झटका शिरला, तर राउटर आणि टीव्ही दोन्ही जातात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्यासोबत येणारी आधाराची पोलादी तार नेते, म्हणून ती बाहेरच्या हुकालाच बांधून तोडलेली आहे ना, ते पडवीत उभे राहून एकदा पाहून घ्या. ती आत पेटीपर्यंत आलेली असेल, तर जोडणी देणाऱ्यांना बोलावून पाऊस सुरू होण्याआधी कापून घ्या. हे काम ते पैसे न घेता करून देतात की नाही, ते फोनवरच विचारून ठेवा.