व्हर्च्युअल ऑर्गनायझेशनला 'आभासी संस्था' म्हणायचं का?

प्रश्न: ग्रिड कम्प्युटिंगवर (जागोजागचे संगणक जोडून मोठं काम मिळून करणं) विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहितोय. डिस्ट्रिब्युटेडला वितरित, ग्रिडला जाल आणि व्हर्च्युअल ऑर्गनायझेशनला आभासी संस्था केलंय, पण वाचताना माझंच मन घेत नाहीये. दुसरं काही सुचतंय का कोणाला?

प्रतिसाद: 'वितरित' मलापण खटकतो. वितरण म्हटलं की रेशन नाहीतर महावितरण आठवतं, म्हणजे एका जागेहून निघालं आणि सगळ्यांना वाटलं. इथे यंत्रं आधीच जागोजागी आहेत, काम मिळून करायचंय. 'विखुरलेलं संगणन' चालेल. (विकेंद्रित नको, तो डिसेंट्रलाइज्डला लागतो.) ग्रिड मात्र ग्रिडच राहू द्या, तो शब्द मुळात विजेच्या ग्रिडवरूनच घेतलाय आणि जाळं म्हटलं की लोक नेटवर्क समजणार.

खरी अडचण 'आभासी'ची आहे. फॉस्टर, केसेलमन या संगणकशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही कल्पना नीट मांडली, की वेगवेगळ्या संस्थांतली माणसं एका कामासाठी एकत्र येतात, आपापली यंत्रं आणि डेटा एकमेकांना वापरू देतात, आणि कोणी काय वापरायचं, कुठल्या अटीवर, हे आधी ठरलेलं असतं. यात आभास कुठे आहे? सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एलएचसी या कणवेगवर्धकाची ग्रिड घ्या, ४० हून जास्त देशांतली संगणन केंद्रं त्यात आहेत, कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था तिथल्या सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी हे संशोधन केंद्र ॲलिस या प्रयोगासाठी. सीएमएस ही त्यातली एक व्हीओ (व्हर्च्युअल ऑर्गनायझेशन), तिचे सभासद असल्याचा दाखला असल्याशिवाय जॉब, म्हणजे ग्रिडला दिलेलं काम, चालत नाही. अशाच एका ग्रिडवर माझा जॉब रात्रभर रांगेत राहिला, नंबर लागेपर्यंत १२ तासांची प्रॉक्सी (तात्पुरता दाखला) संपली आणि सकाळी बघतो तर फेल. इतकं कडक सभासदत्व असलेल्या गोष्टीला आभासी म्हणणं मला पटत नाही.

मी 'सावड' सुचवतो. आमच्या आजोबांकडे एकच बैल होता, बांधाला लागून असलेल्या काकांकडे एक. दोघांची जोडी करून एक दिवस आमच्या रानात औत, दुसऱ्या दिवशी त्यांच्या. बैल ज्याचा त्याचाच, चारापाणी ज्याचं त्याने बघायचं, पण औत दोघांचं चालायचं. ग्रिडमध्ये हेच होतं ना! आणि इर्जिक वेगळी, तिथे गावातली औतं एकाच्या रानात येतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. परग्रहावरच्या सजीवांचे संकेत शोधणारं सेटी ॲट होम (१९९९ ते २०२०) मला इर्जिकीच्या जवळचं वाटतं, लाखो लोकांनी घरचे कम्प्युटर बर्कली विद्यापीठाच्या या एका कामाला लावले होते.

प्रतिसाद: कल्पना आवडली, पण सावड म्हटल्यावर मला राख सावडणं आठवलं. आणि शहरातल्या मुलांना सावड माहीतच नसणार.

प्रतिसाद: सावडणं म्हणजे गोळा करणं, त्याचा वापर वेगळा. 'सावडीने नांगरलं' म्हटल्यावर गावाकडे कुणाच्या मनात राख येत नाही. आणि शहरातल्या मुलांना व्हर्च्युअल ऑर्गनायझेशनपण समजावून सांगावंच लागतं की, मग त्याच दोन ओळींत बैलजोडी सांगा, ती लक्षात राहील. 'टीआयएफआर सीएमएसच्या सावडीत आहे' हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून बघा बरं.

मूळ प्रश्नकर्ता: वाचलं, कानाला चांगलं लागतंय. पहिल्यांदा व्हर्च्युअल ऑर्गनायझेशन लिहितो आणि तिथून पुढे सगळीकडे सावड.