ईमेल यादी साफ करणारी भरवशाची सेवा कशी निवडावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या वार्तापत्राची यादी जुनी झाली आहे. बरेच मेल ‘५५० युजर अननोन’ (म्हणजे असा पत्ताच नाही) असा शेरा घेऊन परत येतात. यादी तपासून देणारी सेवा शोधतेय, पण ‘९९ टक्के अचूक’ अशा जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही. पत्त्याची रचना आणि डोमेनचा (पत्त्यातला @ नंतरचा भाग) एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्याचे मेल कुठला सर्व्हर घेतो याची नोंद, तपासणं सोपं आहे. खरी अडचण कॅच-ऑल डोमेनची. तिथला सर्व्हर कुठल्याही नावाला होकार देतो, मग पत्ता चालू आहे हे कळणार कसं? असे पत्ते सरळ ‘अनिश्चित’ म्हणून वेगळे काढणारी, आणि शक्यतो त्यांचे पैसे न लावणारी सेवा कुणी वापरली आहे का?

त्याहून मोठी काळजी म्हणजे, लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून दिलेले पत्ते तिऱ्हाइताच्या हाती जाणार. काम झाल्यावर यादी कधी पुसतात, लेखी करार करतात का, याची नीट उत्तरं तुम्हाला कुणाकडून मिळाली?

आधी चालू-बंद असल्याची खात्री असलेले थोडे पत्ते देऊन पारख करावी म्हणते. कुणी अशी चाचणी घेतली असेल तर काय आढळलं ते जरूर सांगा.